दोन दगडांमधले आहेबुवा

देवळाच्या मागच्या टेकडीवर दोन उंच दगड आहेत. एक जरा पुढे झुकलेला, दुसरा जरा मागे रेललेला. झुकलेल्याला सासू म्हणतात, रेललेल्याला सून. ही नावं कोणी कोणाकडे बघून ठेवली याबद्दल मतभेद आहेत. पण ती उलटी असावीत असं लग्न झालेल्या कोणालाही आजवर वाटलेलं नाही.

कथा अशी. एक तहानलेले ऋषी एका दारात आले आणि त्यांनी पाणी मागितलं. सासू म्हणाली, सून देईल. सून म्हणाली, सासूबाई असताना मी कोण पुढे होणार. तांब्या दोघींच्या मधोमध होता, तो तिथेच राहिला. ऋषी तापट असण्याचा तो काळ होता. त्यांनी दोघींचे जागच्या जागी दगड केले आणि वर सांगितलं, की दर वर्षी तुम्ही एकमेकींकडे तीळभर सरकाल, आणि ज्या दिवशी तुमची गळाभेट होईल त्या दिवशी प्रलय होईल. सासू-सुनेची दिलजमाई आणि जगबुडी यांचा संबंध काय, असं एखाद्या शिकलेल्या यात्रेकरूने विचारलं, तर पुजारी शांतपणे म्हणतात, "त्यानंतर जगात घडायचं उरतं काय?"

दोन दगडांमध्ये एक फट आहे. पूर्वेकडून आत शिरायचं, पश्चिमेकडून बाहेर पडायचं. जो निघाला त्याची पापं आत घासून राहिली. जो अडकला त्याची अजून शिल्लक आहेत. देवळात देव आहे, आणि लोक त्याच्या पाया पडतातही, पण जाता जाता. येतात ते फटीसाठी.

गावाचा सगळा संसार असा जगाच्या अंतावर चाललेला आहे. सगळ्यांत मोठ्या लॉजचं नाव युगान्त, आणि खाली बारीक अक्षरात 'चोवीस तास गरम पाणी'. लॉजवाल्याने मागे वर आणखी एक मजला चढवायला काढला तेव्हा कोणीतरी त्याला छेडलंच, की अंत जवळ आलाय म्हणतोस आणि मजले काय चढवतोस. तो म्हणाला, "अंत जवळ आलाय हे यात्रेकरूंना सांगायचं असतं. गवंड्याला नाही."

अशा गावात जग अजून आहे की नाही हे रोज पाहणारा एक माणूस असणं ओघानेच आलं. तो माणूस म्हणजे आहेबुवा.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. सकाळी फाटक उघडायच्या आधी त्यांनी पूर्वेकडून फटीत शिरायचं, पश्चिमेकडून निघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आहे." म्हणजे फट आहे, म्हणजे दगड भेटलेले नाहीत, म्हणजे जग आहे. मग घंटा वाजायची, फाटक उघडायचं, आणि पायथ्याचा चहावाला किटली उचलायचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. चहावाल्याला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, माझा काही विश्वास नाही बुवा असल्या गोष्टींवर. पण "आहे" ऐकू येईपर्यंत त्याने कधी कोणाच्या कपात चहा ओतला नाही. उगाच दूध कशाला वाया घालवा.

बुवांच्या वडिलांनी हेच काम केलं, त्यांच्या वडिलांनीही. कामाबरोबर पायऱ्यांच्या तळाशी दोन खोल्या मिळत. निवृत्तीचं वय ठरलेलं नव्हतं. देवस्थानची अट एकच होती: ज्याला फटीतून जाता येतं तो कामावर, त्याच्या खोल्या. ज्याला येत नाही त्याने सामान बांधायचं.

सकाळचा शब्द उच्चारून झाला की उरलेला दिवस बुवा पश्चिमेच्या तोंडाशी उभे राहून अडकलेल्यांना ओढत. यात त्यांचा हातखंडा होता. अडकलेला माणूस आधी घाबरतो, मग पापं आठवू लागतो, आणि पापं आठवली की छाती फुगते आणि तो जास्तच अडकतो. म्हणून बुवा त्याला आधी पापमुक्त करत.

"फार केली हो मी, फार केली," एखादा जाडजूड गृहस्थ आतून रडकुंडीला येई.

"खांद्याला पाप नसतं साहेब. खांदा आडवा करा."

"भावाला फसवलं मी."

"ते बाहेर आल्यावर बघू. आधी श्वास सोडा."

कधी मागून त्याच्या बायकोचा आवाज येई. "बुवा, लगेच ओढू नका. आधी विचारा त्यांना, परवा संध्याकाळी कुठे होते." अशा वेळी बुवांना दगडामुळे काही ऐकू येत नसे.

मोठ्या मोठ्या माणसांना अडचणीतून बाहेर काढणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची अडचण घरी होती. तीही दोन बाजूंनी.

पुढच्या खोलीत बुवांची आई राहायची, मागच्या खोलीत बायको, आणि दोघींच्यात विस्तव जात नव्हता. कारण एक खिडकी. आईचं म्हणणं, खिडकी बंद हवी, वारा लागतो. सुनेचं म्हणणं, उघडी हवी, जीव गुदमरतो. एका सकाळी एकीने उघडली, दुसरीने लावली, पहिलीने परत उघडली, आणि मग दोघी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या. तेव्हा पाळण्यात असलेली बुवांची मुलगी पुढे लग्न होऊन सासरी गेली, तिला मुलं झाली, तरी या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. खिडकी अर्धी उघडी होती. त्यामुळे वाराही लागायचा आणि जीवही गुदमरायचा, आणि आपलंच खरं होतं हे दोघींनाही रोज पटायचं.

बोलणं सगळं बुवांमार्फत चाले. ते मधल्या उंबरठ्यावर उभे राहत.

"तिला सांग," आई म्हणायची, "पाणी तापवताना भांड्यावर झाकण ठेवतात. एवढी अक्कल माहेराहून आणायला हवी होती."

बुवा मागे वळून म्हणत, "आई विचारते, झाकण सापडलं का."

"त्यांना सांगा, झाकण त्यांनीच उशाशी घेऊन ठेवलंय, जपून."

बुवा पुढे वळून म्हणत, "शोधतेय म्हणाली."

हे काम बिनपगारी होतं आणि फटीपेक्षा अवघड होतं.

पण खरा घोटाळा जेवणाचा. चुली दोन होत्या. आईला खात्री, की ही बाई माझ्या पोराला उपाशी मारते. बायकोला खात्री, की म्हातारीच्या हातचं पाणचट खाऊन यांच्या अंगात त्राण राहणार नाही. म्हणून बुवा टेकडीवरून उतरले की पुढच्या खोलीत आई ताट वाढायची आणि विचारायची, "तिकडे नाही ना जेवलास?" बुवा म्हणायचे, "छे." थोड्या वेळाने मागच्या खोलीत बायको ताट वाढायची आणि विचारायची, "तिकडे नाही ना जेवलात?" बुवा म्हणायचे, "नाव काढू नकोस." दुपारीही तेच. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आहे. ज्याने ती केली त्याने हे घर पाहिलं नव्हतं.

एका ताटाला नाही म्हणायचं त्यांच्या मनात कितीदा तरी आलं. पण नाही म्हणायचं कोणाच्या? ज्याने दोन युद्धरत राष्ट्रांमध्ये जन्म काढला आहे त्याला भूक नाही हे कारण चालत नाही.

हळूहळू फट अरुंद होऊ लागली. निदान बुवा तसं म्हणत.

त्यांनी जाडाभरडा सदरा टाकून पातळ सदरा घेतला. मग सदऱ्याची पुढची बटणं काढून टाकली, ती दगडाला लागत. मग पोटाला तेल चोपडून जाऊ लागले. "आहे" उशिरा येऊ लागलं, आणि आलं तरी पायऱ्या धावत चढलेल्या माणसासारखं येऊ लागलं. चहावाल्याच्या हे सगळ्यांत आधी लक्षात आलं, कारण चहा उकळून काळा होत होता.

दुसरं लक्ष होतं ते मेव्हण्याचं. बुवांचा हा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, पायथ्याशी यात्रेकरूंच्या चपला सांभाळायचा. छत्रीच्या काडीसारखा सडपातळ. त्याला अंगाला काही लागत नसे, शब्दसुद्धा. दिवसभर दुसऱ्यांच्या पायताणांत बसून त्याचं बुवांच्या जागेवर मन गेलं होतं.

"भावोजी, सदरा नवा का?"

"जुनाच आहे."

"मग आत कोण वाढलंय?"

शेवटी देवस्थानच्या व्यवस्थापकांनी बुवांना कचेरीत बोलावलं. व्यवस्थापक टापटिपीचे गृहस्थ होते. टेबलावर पेन तिरपं पडलेलं त्यांना खपत नसे, तर फटीत माणूस तिरपा जातो हे कसं खपणार.

"बुवा, फट कमी होतेय, की तुम्ही जास्त होताय?"

"दगड तीळभर सरकतात साहेब. शास्त्रातच आहे."

"शास्त्रात तीळ आहे. मला नारळ दिसतोय." त्यांनी पेन सरळ केलं. "हे बघा, ज्या दिवशी अडकाल त्या दिवशी काम मेव्हण्याला आणि खोल्याही त्यालाच. नियम माझा नाही."

बुवांनी घरी हे उंबरठ्यावर उभं राहून दोन्हीकडे सांगितलं. आई म्हणाली, काळजीने खंगलाय बिचारा, आणि त्या रात्री भात जास्त वाढला. बायकोनेही भात जास्त वाढला.

व्हायचं ते पुढच्याच आठवड्यात झालं. सकाळी फाटकाबाहेर बरीच गर्दी होती. बुवांनी पोटाला तेल लावलं, श्वास सोडला आणि पूर्वेकडून आत शिरले. बाहेर लोक थांबले. चहावाला किटलीच्या दांड्यावर हात ठेवून थांबला.

"आहे" आलं नाही.

पहिला थोडा वेळ लोकांनी सोडून दिला. मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग ज्यांनी आयुष्यभर या कथेला हसण्यात घालवलं होतं त्यांनी हळूच आकाशाकडे पाहिलं. एक गृहस्थ लॉजवाल्याला विचारून आले, की जग संपलं तर लॉजचे आगाऊ दिलेले पैसे परत मिळतात का. एका नवरा-बायकोने घर सोडल्यापासून चाललेलं भांडण थांबवलं; म्हणाले, आता राहिलंच काय. थोड्या वेळाने काही होत नाहीसं पाहून त्यांनी ते पुन्हा सुरू केलं.

मेव्हणा चपलांच्या ढिगातून उठून वर आला आणि फटीत डोकावला.

"भावोजी?"

आतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"प्रलय नाही," मेव्हण्याने खाली वळून लोकांना सांगितलं. "भावोजी आहेत." आणि तो व्यवस्थापकांना शोधायला गेला, कारण अशी बातमी आपणच आधी सांगितलेली बरी.

अडचण अशी झाली, की गावात अडकलेल्याला बाहेर काढणारा माणूस एकच होता, आणि तो आत होता. चार जणांनी पश्चिमेकडून हात घालून ओढून पाहिलं. सदरा निघून आला. बुवा नाही आले.

पुजाऱ्यांनी या सगळ्याचा शास्त्राच्या अंगाने विचार केला. ते म्हणाले, "तसं पाहिलं तर घाई करण्यासारखं काही नाही. बुवा मध्ये आहेत तोवर दगड भेटूच शकत नाहीत. जग आज जेवढं सुरक्षित आहे तेवढं कधीच नव्हतं."

"म्हणजे ठेवायचं का त्यांना तसंच?" चहावाल्याने खालून ओरडून विचारलं.

"मी फक्त शास्त्र सांगितलं," पुजारी म्हणाले.

व्यवस्थापक घड्याळ पाहून म्हणाले, की ते काही असो, नियमाप्रमाणे बुवांचं काम संपलं, खोल्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या व्हाव्यात. मेव्हण्याने मान खाली घातली. दुःखी दिसण्याचा त्याला सराव नव्हता.

तोवर पायथ्याच्या दोन खोल्यांत बातमी पोचली होती. एकाच घरातून दोघी निघाल्या, पण बरोबर कशा निघणार? आई समोरच्या पायऱ्यांनी चढून पूर्वेच्या तोंडाशी आली. बायको मागच्या पायवाटेने पश्चिमेच्या तोंडाशी पोचली. मध्ये दोन दगड, आणि दोन दगडांच्या मध्ये, उंबरठ्यावर उभे राहावेत तसे, बुवा.

आईने आत पाहिलं. तिने नवऱ्याला या फटीत जाता-येताना जन्मभर पाहिलं होतं. ती म्हणाली, "तिला सांग, उगाच हात खेचू नकोस म्हणावं. आधी कंबर वळवायची असते."

"आई... म्हणते..." बुवा म्हणाले, "कंबर..."

"त्यांना सांगा," पलीकडून बायको म्हणाली, "कंबर वळायला ती आधी सापडायला हवी. मागून ढकला म्हणावं."

"ती... म्हणते..." आणि बुवांचा श्वास संपला. बोलायचं तर हवा आत घ्यायला हवी, आणि हवा घेतली तर पोट दगडाला भिडायचं. ते नुसते डोळे फिरवू लागले.

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

बुवा गप्प.

"काय म्हणाल्या त्या?" बायकोने विचारलं.

बुवा गप्प. सगळी टेकडी गप्प. खिडकीच्या त्या सकाळपासून दोघींमध्ये असा निरोप्यावाचूनचा क्षण कधी आला नव्हता. एका पोराची जागा, डोक्यावरचं छप्पर आणि त्याचा जीव, सगळंच मध्ये लटकलं होतं. आणि कोणी आधी बोलायचं हे अजून ठरत नव्हतं. जमलेल्या बायकांपैकी काहींनी नंतर सांगितलं, की दगड सरकताना पाहायला मिळाले असते तरी त्या एवढ्या टक लावून बघत राहिल्या नसत्या.

आई खोकली. मग दगडाकडे बघत म्हणाली, "सूनबाई."

पलीकडून उत्तर आलं, "काय, आई?"

"यानं काल रात्री काय खाल्लं होतं?"

"नेहमीचंच. भाजी, भात, वर थोडा भात."

"कधी?"

"दिवे लागल्यावर. रोज तेव्हाच जेवतात."

आई दगडाजवळ सरकली. मग म्हणाली, "दिवे लागायच्या आधी तो माझ्याकडे जेवला."

"काल?"

"रोज."

"मला तर म्हणाले, नाव काढू नकोस."

"मला म्हणाला, छे."

फटीत बुवांनी डोळे मिटून घेतले. लोक म्हणतात ते देवाचं नाव घेत होते.

"आणि दुपारी?" बायकोने विचारलं.

"दुपारीही."

"आई, तुम्ही मागून पोटावर हात दाबून धरा," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम थंड झाला होता. "मी ओढते."

"आधी उजवा खांदा खाली घे त्याचा. ह्याचे वडील तसंच करायचे. घेतलास?"

"घेतला."

"मी म्हणेन तेव्हा. दया दाखवू नकोस."

"नाही दाखवत."

आजवर पुष्कळ माणसं त्या फटीतून प्रेमाने ओढून काढली गेली होती. रागाने ओढलेले बुवा पहिलेच. दोघींच्या जोराला असा मेळ बसला, की बाटलीतून बूच निघावं तसे ते पश्चिमेकडून बाहेर आले आणि चार पावलं जाऊन बसले. आई त्यांच्यामागून फटीतूनच निघाली. वळसा घालून यायला तिला धीर नव्हता. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून त्यांच्याकडे पाहू लागल्या.

पायथ्यावरून चहावाला ओरडला, "आहे का?"

बुवांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "आहे," ते म्हणाले. पण इतकं हळू, की पुजाऱ्यांना ते खाली परत सांगावं लागलं.

व्यवस्थापक वर आले आणि नियम सांगू लागले. पुजारी म्हणाले, नियम जाता येण्याचा आहे, किती वेळात ते नियमात नाही. आणि बुवा गेले, हे सगळ्या गावाने पाहिलं. व्यवस्थापक म्हणाले, "आज गेले. उद्या?"

"उद्या जातील," बायको म्हणाली.

"उद्या नको," आई म्हणाली. "परवापासून. उद्या त्याला पोटात काही द्यायचं नाही."

"परवाही नको द्यायला, आई."

"तेही बरोबर आहे."

बुवा म्हणाले, "मी काय म्हणतो..."

"तू गप्प बस," आई म्हणाली, आणि बायकोने मान हलवली. व्यवस्थापकांच्या टापटिपीच्या जन्मात त्यांनी असा ठराव इतक्या झटपट मंजूर झालेला पाहिला नव्हता. त्यांनी तोवर मेव्हण्याने काम पाहावं असं सांगितलं आणि खोल्यांचा विषय पुढे ढकलला.

पुजाऱ्यांनी मात्र जाताना दोघींना हात जोडले. "बोलायचं तेवढं बोला माउलींनो. गळाभेट तेवढी नको. आपल्याला अजून कळलेलं नाही ऋषींचा रोख नेमका कोणावर होता."

मेव्हण्याने काम पाहिलं. तो पूर्वेकडून गेला आणि पश्चिमेकडून आला, अंगाला दगडाचा स्पर्शही न होता, आणि चपलांचा नंबर पुकारावा तसा म्हणाला, "आहे." लोक उभेच राहिले. चहावाल्याने किटली उचलली नाही. "छत्रीची काडी कुठूनही जाते," तो म्हणाला. "त्यावरून जग आहे असं कसं म्हणायचं? ज्याला घासतं त्याच्यावर विश्वास." यात्रेकरूंनाही ते पटलं. दोन-तीन दिवसांत चहावाल्याने 'बुवा कधी येणार ते विचारू नका' अशी पाटी लावली, आणि मेव्हणा आपणहून परत चपलांकडे गेला. तिथे निदान त्याने सांगितलेलं लोक खरं मानत.

बुवा परत कामावर आले ते बटणं लावलेल्या सदऱ्यात. आता घरी चूल एक आहे. ताट एक आहे, आणि ते वाढताना एक वाढते आणि दुसरी बघते. खिडकीचाही निकाल लागला: सकाळी उघडी, संध्याकाळी बंद. हे ठरवताना बुवांना कोणी विचारलं नाही. पूर्वी उंबरठ्यावर ते दोन्हीकडचं बोलणं बदलून सांगत आणि घर चालवत. आता सांगायला काही उरलेलं नाही. दोघी दिवसभर थेट बोलतात, आणि बहुतेक त्यांच्याबद्दलच.

रोज सकाळी ते आत जातात आणि सहज बाहेर येतात. दगडांचा तीळ पुन्हा तिळाएवढा झाला आहे. घंटा वाजते, फाटक उघडतं, चहा वेळेवर मिळतो. वर्षानुवर्षं येणाऱ्या काही यात्रेकरूंची तेवढी एक तक्रार आहे, की बुवांच्या "आहे"मध्ये पूर्वीचा भरीवपणा राहिला नाही.